डीएनएचा दुसरा पेड तुकड्यातुकड्यांनी का बनतो?

मॅडम, आधी तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो. तुम्ही रत्नागिरी जिल्ह्यात बारावीला जीवशास्त्र शिकवता. डीएनएची नक्कल होताना एक नवा पेड सलग तयार होतो आणि दुसरा तुकड्यातुकड्यांनी, हे वर्गात सांगितल्यावर एका मुलाने विचारलं, "उलट्या दिशेने जोडणारं एन्झाइम निसर्गाने का नाही बनवलं? मग तुकड्यांची भानगडच नको." त्याला काय सांगायचं? आणि केळ्यातून डीएनए काढून दाखवला तर त्यात चित्रातली पिळलेली शिडी कुठे दिसेना, म्हणून वर्ग हिरमुसला. त्याचं काय करायचं?

मुलाचा प्रश्न पुस्तकातल्या उत्तरापेक्षा चांगला आहे. पुस्तक साधारण एवढंच सांगतं की दोन पेड विरुद्ध दिशांचे असतात आणि पॉलिमरेज, म्हणजे नवा पेड जोडत नेणारं एन्झाइम, एकाच दिशेने चालतं, म्हणून तुकडे पडतात. हे खरं आहे, पण अपुरं आहे. या दोन गोष्टी तशाच ठेवूनही तुकडे न पडता नक्कल करता येते. आमच्या प्रयोगशाळेत पीसीआर, म्हणजे नळीत डीएनएच्या भरपूर प्रती काढण्याची पद्धत, वापरताना ती रोज होते. म्हणजे तिसरी एक अट आहे आणि ती सहसा सांगितली जात नाही. तिच्याकडे येतो, पण आधी दिशा म्हणजे काय ते पक्कं करू, कारण मुलं तिथेच घसरतात.

प्रत्येक पेडाचा कणा शर्करा आणि फॉस्फेट यांच्या साखळीचा असतो. शर्करेतल्या कार्बनना क्रमांक दिलेले आहेत. पाचव्या कार्बनला फॉस्फेट लागतं, तिसऱ्या कार्बनवर ओएच गट असतो, आणि एका शर्करेचा तिसरा कार्बन फॉस्फेटमार्फत पुढच्या शर्करेच्या पाचव्याला जोडला जातो. त्यामुळे साखळीच्या एका टोकाला पाचव्या कार्बनचं फॉस्फेट मोकळं राहतं आणि दुसऱ्या टोकाला तिसऱ्याचा ओएच. ५′ आणि ३′ हे आकडे मुलांना कोरडे वाटतात. त्याऐवजी झावळीचा हीर हातात द्या. त्याला बुडखा आणि शेंडा असतो, आणि कुठलं टोक कुठलं हे डोळे मिटूनही कळतं. ५′ म्हणजे बुडखा, ३′ म्हणजे शेंडा. खराट्यात सगळे हीर एका दिशेने बांधलेले असतात. डीएनएत दोन हीर शेजारी ठेवताना एकाचा शेंडा दुसऱ्याच्या बुडख्याकडे येतो.

असं का, तर डीएनएची ए, टी, जी, सी ही चार अक्षरं, म्हणजे पेडांवरचे घटक, समोरासमोर बसून ज्या ए–टी आणि जी–सी जोड्या बनवतात त्यांच्या आकारामुळे. पेड उलटसुलट ठेवले की ए–टी, टी–ए, जी–सी, सी–जी या चारही जोड्या दोन कण्यांमधल्या जागेत एकाच मापात बसतात. रोझलिंड फ्रँकलिन यांच्या क्ष-किरण मापनांतून डीएनएच्या स्फटिकाची जी सममिती कळली, तिच्यावरूनच पेड विरुद्ध दिशांचे असणार हे क्रिक यांनी ताडलं. डीएनएची रचना मांडणारा वॉटसन आणि क्रिक यांचा लेख एप्रिल १९५३चा. मुलांना हे जरूर सांगा, नाहीतर त्यांना वाटतं की रचना कुणाला तरी स्वप्नात दिसली.

आता मुलाच्या खऱ्या शंकेकडे वळू. वाढ नेहमी शेंड्यालाच का होते?

नवं अक्षर एकटं येत नाही. येताना ते तीन फॉस्फेटांची शेपटी, म्हणजे स्वतःच्या प्रवासाची शिदोरी, घेऊन येतं. साखळीच्या शेंड्यावरचा ओएच त्यातल्या पहिल्या फॉस्फेटला पकडतो, उरलेले दोन सुटून जातात आणि त्या तुटण्यातून मिळणारी ऊर्जा जोडणीला कामी येते. सुटलेली फॉस्फेटांची जोडी दुसरं एक एन्झाइम लगेच फोडतं, त्यामुळे क्रिया मागे फिरत नाही. लक्षात घ्यायचं ते एवढंच की शिदोरी येणाऱ्याच्या हातात असते.

उलट्या दिशेने, म्हणजे बुडख्याकडून वाढणारी साखळी कल्पून पाहा. तिथे शिदोरी साखळीच्या टोकावर ठेवलेली असावी लागेल, कारण येणाऱ्याचा ओएच त्या टोकावर हल्ला करणार. एकही चूक झाली नाही तर हेही चालेल. पण चुका होतात. पॉलिमरेज अक्षर निवडताना साधारण लाखात एकदा चुकतं. चुकीचं अक्षर लागलं की शेंडा नीट बसत नाही, उचकटतो आणि त्याच एन्झाइममधल्या कापणाऱ्या जागेत जाऊन पडतो. तिथे ते अक्षर छाटलं जातं. छाटल्यावर शेंड्यावर पुन्हा साधा ओएच उरतो आणि पुढचं अक्षर आपली शिदोरी घेऊन येतं, काम सुरू. उलट दिशेच्या साखळीत मात्र चुकीचं अक्षर छाटलं की त्याच्यासोबत टोकावरची शिदोरीही जाते. मागे उरतं एकच फॉस्फेट, आणि त्याच्या बळावर पुढची जोडणी होत नाही. साखळी तिथेच अडकते, किंवा दर चुकीनंतर टोकाला पुन्हा शिदोरी बांधून देणारी वेगळी यंत्रणा ठेवावी लागते.

चूक सुधारायच्या या सोयीमुळे लाखात एक हे प्रमाण सुमारे कोटीत एकावर येतं. नक्कल झाल्यावर न जुळणाऱ्या जोड्या शोधणारी आणखी एक दुरुस्ती असते, ती धरून शंभर कोटीत एक किंवा त्याहूनही कमी. आंब्याच्या गुणसूत्रांच्या एका संचात साधारण ४० कोटी अक्षरं आहेत, पेशीत दोन संच. म्हणजे एका पेशीविभाजनात सरासरी एकाहून कमी चूक. हापूसचं कलम पिढ्यान्‌पिढ्या हापूसच राहतं ते याच्या जोरावर, कारण कलम म्हणजे निव्वळ नकलेची नक्कल. कोयीतून आलेल्या झाडात दोन पालकांची सरमिसळ असते, ते वेगळं निघण्याचा नक्कल बिघडण्याशी संबंध नाही. तुमच्या भागात मुलं हा घोळ हमखास घालतात.

इथे एक कबुली द्यायला हवी. "निसर्गाने असं का केलं" याचा थेट पुरावा देता येत नाही. वर दिलेला रसायनाचा हिशोब आहे आणि तो पटण्यासारखा आहे, एवढंच म्हणता येतं. शिवाय उलट्या दिशेने जोडणारं एन्झाइम मुळीच नाही, असं वर्गात छातीठोक सांगू नका. टीएचजी-१ नावाचं एक आहे. ते एका ट्रान्सफर आरएनएच्या (डीएनएसारख्याच, प्रथिनं बनवायला लागणाऱ्या रेणूच्या) बुडख्याला एक ग्वानिन, म्हणजे जी अक्षर, जोडतं. म्हणजे रसायनाला ते अशक्य नाही. कोट्यवधी अक्षरांच्या लांब साखळीला परवडणारं नाही, इतकंच.

शेंड्याचं महत्त्व दाखवायला माडाचं उदाहरण पुरतं. गेंड्या भुंग्याने शेंड्याचा कोंबच खाऊन टाकला की माड संपला, त्याला बाजूने फांदी फुटत नाही. डीएनएची साखळी तशीच आहे. नागिणीवर देतात ते असायक्लोव्हिर नेमकं हेच करतं. ते अक्षरासारखं दिसतं, विषाणूचं पॉलिमरेज त्याला साखळीत घेतं, पण त्याच्यावर पुढच्या जोडणीसाठी लागणारा ओएचच नसतो. वाढ तिथेच थांबते. १९७७ साली सँगर यांनी डीएनए वाचण्याची जी पद्धत दिली तीही अशाच शेंडा नसलेल्या अक्षरांवर उभी आहे.

आता ती तिसरी अट. पेशीतला डीएनए एकदम उघडत नाही. हेलिकेज एका ठिकाणाहून दोन पेड थोडेथोडे सोडवत पुढे जातं आणि दोन्ही पेडांची नक्कल त्याच वेळी, त्या एकाच दुबेळक्यापाशी होते. ज्या नव्या पेडाचा शेंडा हेलिकेजच्या दिशेने आहे, त्याला पुढे जागा मिळतच राहते, तो सलग वाढतो. दुसऱ्याचा शेंडा पाठमोरा आहे. त्याच्या साच्याचा नवा भाग उघडतो तो त्याच्या पाठीमागे. मग पुरेसा भाग उघडेपर्यंत थांबायचं, दुबेळक्याजवळ नवी सुरुवात करायची, मागे येत मागच्या तुकड्याला भिडायचं, आणि पुन्हा तेच.

पीसीआरमध्ये ही अट नाही. कोळंबीच्या बीजात पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचा विषाणू आहे का हे पाहताना आम्ही २५ मायक्रोलिटरच्या मिश्रणाला ९५ अंशांवर नेतो. दोन्ही पेड टोकापासून टोकापर्यंत सुटतात. मग ५५ ते ६० अंशांवर दोन प्रायमर, म्हणजे सुरुवात करून देणारे छोटे तयार तुकडे, आपापल्या पेडावर बसतात आणि ७२ अंशांवर टॅक पॉलिमरेज दोन्हीकडे सलग धावतं. पेड विरुद्ध दिशांचेच आहेत, एन्झाइमही शेंड्यालाच जोडतं, तरी एकही तुकडा पडत नाही. ३० फेऱ्या कागदावर एका रेणूच्या १०७ कोटी प्रती देतात, प्रत्यक्षात कमी. निसर्गातही असं करणारे आहेत. अॅडिनोव्हायरस एका वेळी एकाच पेडाची नक्कल करतो, दुसरा बाजूला सारून ठेवतो, आणि त्याची पाळी नंतर येते. त्यालाही तुकडे लागत नाहीत.

तेव्हा मुलाला उत्तर असं द्या: तुकडे पडतात ते दोन्ही पेडांची नक्कल एकाच उघडत्या दुबेळक्यावर, एकाच वेळी उरकायची असते म्हणून. विरुद्ध दिशा आणि शेंड्याची अट यांमुळे त्यातला एक पेड पाठमोरा पडतो.

पीसीआरमधली आणखी एक गोष्ट शेंड्याचा नियम डोळ्यांसमोर आणते. प्रायमर १८ ते २५ अक्षरांचा असतो. त्याच्या बुडख्याकडचं एखाददुसरं अक्षर जुळलं नाही तरी बहुतेक वेळा काम निभावतं. शेवटचं, शेंड्याचं अक्षर जुळलं नाही तर क्रिया फसते किंवा फार मंदावते, कारण टॅकला छाटून सुधारता येत नाही आणि उचकटलेल्या शेंड्यावर पुढचं अक्षर बसत नाही. बाकी पीसीआर फसण्याची कारणं वेगळी असतात. कोळंबीचे डोळे नमुन्यात गेले तर त्यातला पदार्थ एन्झाइमला अडवतो, म्हणून पोहण्याचे पाय किंवा कल्ले घ्यायचे. आंब्याच्या पानांत चिकट शर्करा आणि फिनॉल भरपूर, त्यामुळे तिथे डीएनए आधी नीट शुद्ध करावा लागतो.

दुबेळक्यावरच्या बाकीच्या मंडळींबद्दल थोडक्यात. पॉलिमरेजला कोऱ्या साच्यावर सुरुवात करता येत नाही, आधी कुणाचा तरी शेंडा लागतो. तो प्रायमेज नावाचं एन्झाइम देतं, साधारण १० अक्षरांचा आरएनएचा तुकडा. आरएनएच का? सुरुवातीची अक्षरं तपासणीशिवाय लागतात, ती चुकीची असण्याची शक्यता जास्त. आरएनए म्हणजे जणू कच्च्या टाक्याचा वेगळ्या रंगाचा दोरा, नंतर ओळखून उसवता येतो. उसवलेली जागा डीएनएने भरली की लायगेज शेवटची फट सांधतं. पाठमोऱ्या पेडाच्या या तुकड्यांना ओकाझाकी तुकडे म्हणतात; जिवाणूत ते १००० ते २००० अक्षरांचे, आपल्या पेशींत १०० ते २०० चे. वेगही सारखा नाही, ई. कोलाय या जिवाणूमध्ये सेकंदाला १००० च्या आसपास अक्षरं, आपल्याकडे ५० च्या घरात. म्हणूनच आपल्या गुणसूत्रांवर सुरुवातीच्या जागा हजारोंनी लागतात, ई. कोलायला एक पुरते. परीक्षेत पॉलिमरेज-३ आणि पॉलिमरेज-१ ही नावं येतात ती जिवाणूची आहेत. माणसात वेगळी एन्झाइमं ही कामं करतात.

पुरावा विचारला तर रेजी आणि त्सुनेको ओकाझाकी यांचा १९६८ चा प्रयोग सांगा. जिवाणूंना काही सेकंदच किरणोत्सारी थायमिडीन (टी अक्षराचा कच्चा माल) दिलं, तर ते आखूड तुकड्यांत सापडलं. जास्त वेळ दिला तर लांब साखळ्यांत. तुकडे आधी बनतात, मग सांधले जातात, हे त्यातून दिसलं.

पिळाचंही एक दाखवा. काथ्याचं दोन पेडांचं सुंभ घ्या, एक टोक खिळ्याला घट्ट बांधा आणि दुसऱ्या टोकाचे पेड दोन हातांनी जोराने ओढून वेगळे करत जा. पुढे पीळ गोळा होत होत सुंभ वेटोळी घेतं आणि पेड सुटेनासे होतात. दर साडेदहा अक्षरांना एक पीळ, म्हणजे सेकंदाला १००० अक्षरं उघडायला मिनिटाला साडेपाच हजारांहून जास्त फेरे. टोपोआयसोमरेज पेड कापून, पीळ सोडून, पुन्हा जोडून देतं, म्हणून ते निभतं. जिवाणूतलं हे काम अडवूनच सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक त्यांना मारतं.

वर्गात करायचा खेळ असा. जमिनीवर प्रत्येकी २४ चौकोनांच्या दोन रांगांची लांब पट्टी काढा आणि दोन्ही रांगांवर विरुद्ध दिशांचे बाण रंगवा. एक मुलगा हेलिकेज, तो पुठ्ठा सरकवून एका वेळी ६ चौकोन उघडतो. दोन मुली पॉलिमरेज. नियम दोनच: नवी सुरुवात करताना पहिले दोन चौकोन लाल ठेवायचे, आणि वाढ फक्त शेंड्याला. काही सांगू नका. एका रांगेत एक सलग तुकडा तयार होतो, दुसरीत चार, आणि दुसऱ्या मुलीची धावपळ पाहून कारण वर्गालाच कळतं. नंतर लाल चौकोन उचलायला लावा. मधले भरता येतात, कारण त्यांच्या मागून येणाऱ्या तुकड्याचा शेंडा तिथे टेकलेला असतो. अगदी शेवटच्या तुकड्याचे लाल दोन चौकोन उचलले की ती जागा रिकामी राहते, तिथे कुणाचाच शेंडा नाही. हाच गुणसूत्राच्या टोकाचा प्रश्न, टेलोमरचा. सुरुवातीच्या टोकाला सलग पेडाचे दोन लाल चौकोनही अडकतील. ते आपण अर्धाच दुबेळका खेळतो म्हणून. खऱ्या गुणसूत्रात सुरुवात मध्ये कुठेतरी होते आणि पलीकडच्या बाजूचा तुकडा ती जागा भरतो.

शिडी दाखवायची तर केळ्यापेक्षा हीर आणि सुतळी बरी. १ सेंटिमीटर म्हणजे ०.३४ नॅनोमीटर धरा. हिराचे ६ सेंटिमीटरचे ३२ तुकडे करा. दोन सुतळ्यांमध्ये ते पायऱ्यांसारखे बांधा, पण दोन पायऱ्यांत अंतर २ सेंटिमीटर ठेवा, १ नाही. इथे बहुतेक जण चुकतात. सुतळी बाहेरून वळसा घेत जाते, त्यामुळे पिळल्यावर उंचीत तेच अंतर १ सेंटिमीटर उरतं. १ सेंटिमीटरवर बांधलेली शिडी साडेदहा पायऱ्यांत एक पीळ घेऊच शकत नाही. खऱ्या रेणूतही कण्यावरचं अंतर दुपटीच्या आसपास आणि अक्षरं मात्र एकमेकांना चिकटून. ती फट मिटवण्यासाठीच शिडी पिळते. पीळ उजवा हवा: समोरची सुतळी डावीकडून वर उजवीकडे चढली पाहिजे. उलटी टांगली तरी तशीच दिसते. अनेक चित्रांत आणि जाहिरातींत हा पीळ डावा छापलेला असतो, मुलांना शोधायला लावा.

राहिलं केळं. पिकलेल्या केळ्याचा अर्धा भाग, १०० मिली पाणी, अर्धा चमचा मीठ, दोन चमचे भांडी घासायचं लिक्विड, हलकेच कुस्करून १० मिनिटं ठेवा, फेस होऊ देऊ नका. लिक्विड पेशींची आवरणं मोडतं; मीठ फॉस्फेटांचा ऋण भार झाकतं, म्हणून डीएनएचे रेणू एकमेकांपाशी येतात. गाळून १० मिली द्रव परीक्षानळीत घ्या आणि तेवढंच गार आयसोप्रोपिल अल्कोहोल कडेने सोडा. हँड सॅनिटायझर नको, त्यातल्या अल्कोहोलमध्ये पाणी मिसळलेलं असतं आणि घट्ट करणारे पदार्थही असतात. फ्रीज नसेल तर मासळीचा बर्फ आणि खडं मीठ एकत्र करून बाटली त्यात बुडवा, शून्याच्या बरीच खाली जाते. अल्कोहोल पेट घेतं, जवळपास बर्नर नको. सीमेवर जो पांढरा गोळा तरंगतो त्यात असंख्य रेणूंचा गुंता असतो, सोबत आरएनए, प्रथिनं आणि बरंच पेक्टिनही. एका रेणूची रुंदी २ नॅनोमीटर, शाळेतल्या सूक्ष्मदर्शकालाही ती दिसणार नाही, हे प्रयोग सुरू करण्याआधीच मुलांना सांगून टाका.